एका वावरावर दोन काडेपेट्या

हे आत्ताच लिहिते, नाहीतर परत राहून जाईल. चहा बाजूला ठेवलाय, त्यावर साय आली तरी चालेल.

झालं काय, माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या शाळेतून एक कागद आलाय. केजीचा. येत्या शनिवारी मुलांना निसर्ग दाखवायचा, पालकांनी सोबत यायचं, आणि येताना मुलानं आपल्या शेतातली नाहीतर बागेतली मूठभर माती आणायची. खाली सही. बहीण राहते जळगावात, दुसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, "माती कुठून आणू गं आता? खालच्यांच्या कुंडीतली उचलू का गुपचूप?" आम्ही दोघी हसलो. आणि हसता हसता मला एकदम पाच वर्षांची मी दिसले, हातात काडेपेटी घेऊन उभी. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. तिला पण नाही. म्हणून इथं सांगते.

असोद्याच्या पुढे एक गाव आहे, नाव नको. नव्वदचं दशक संपत आलेलं. मारुतीच्या मंदिरामागे एक ओटा, वर पत्रे, समोर कडुनिंब, ती आमची बालवाडी. बाई एकच. माहेर त्यांचं धुळ्याकडचं, राहायच्या जळगावात, रोज सकाळच्या एसटीने यायच्या. एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. "बठ्ठा गप बसा," म्हणजे सगळे गप बसा, असं ओरडल्या की आम्ही गप बसायच्या ऐवजी खिदळायचो, कारण आमच्या गावात असं कोणी बोलत नव्हतं.

पण बाई भारी होत्या, खरंच. पाटी फार क्वचित. मोजायला चिंचोके. रंग शिकवायचे तर म्हणायच्या, "जा, हिरव्याचे पाच हिरवे शोधून आणा," आणि आम्ही कडुनिंबाचा कोवळा, जुना, केळीचा, घाणेरीचा असे हिरवे घेऊन यायचो आणि भांडायचो की माझा जास्त हिरवा. आणि शनिवार म्हणजे वावर, शेत. दर शनिवारी एका पोराच्या वावरात सगळी बालवाडी जायची, आणि त्या दिवशी त्या पोराच्या घरचं कोणीतरी बाई व्हायचं. आमच्या बाई आमच्यात मांडी घालून बसायच्या आणि आमच्यासारखाच हात वर करून प्रश्न विचारायच्या. एका पोरीच्या आत्यानं कापूस कसा वेचायचा ते दाखवलं आणि बोंडाच्या टोकानं बोट फाडून घेतलं तर काय लावायचं ते पण दाखवलं. एकाचे आजोबा बांधावर बसून शिकवता शिकवता झोपून गेले. बाई म्हणाल्या, "चला, आता आजोबांचं घोरणं मोजू." आम्ही मोजलं. चाळीसपर्यंत गेलो, त्यापुढचं कोणाला येत नव्हतं.

आता आमचं घर सांगते. आम्ही गावात राहत नव्हतो, वावरातच राहायचो. विहीर, तिच्या बाजूला मोटारीची खोली, आणि तिला लागून आमची खोली. चारी बाजूंनी केळी. दारातून बाहेर पाहिलं की केळी, मागच्या झरोक्यातून पाहिलं की केळी. रात्री वारा सुटला की पानांचा आवाज असा यायचा जणू कोणी बाहेर कपडे आपटतंय. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायची, ते पहाटेपासून केळीतच. माय पण. मला कोणी सांगितलं नव्हतं की हे वावर आपलं आहे. पण कोणी हे पण सांगितलं नव्हतं की ते आपलं नाही. माशाला कोणी सांगतं का पाणी कोणाचं ते?

आबा मला सकाळी सोबत घ्यायचे. केळीच्या बुडाशी चार-पाच पिलं फुटलेली असतात, नवे कोंब. त्यातलं एकच ठेवायचं असतं, बाकीचे कापून टाकायचे, नाहीतर सगळं झाड उपाशी राहतं. आबा विळा हातात घेऊन वाकायचे आणि मला विचारायचे, "कोनतं ठेवू?" मी बोट दाखवायची. ते एकदा झाडाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. कधी म्हणायचे, "हे नको, हे मायच्या कुशीतून निंघालं नही, बाजूले पय्यालं आहे." पण बरेचदा माझंच ऐकायचे. आता ज्याचं वावर त्यालाच विचारतात ना, कोणतं ठेवायचं?

आणि डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की आधी पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी तांबडा, मग काळा, आणि मग तो कपडा फाटेपर्यंत तसाच. आबांच्या एकूण एक कपड्यावर डाग. मायच्या लुगड्यांवर. माझ्या दोन्ही फ्रॉकांवर. मला वाटायचं ही आमची खूण आहे, जशी गाईच्या कानावर असते.

नाना म्हणून एक आजोबा होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, लुनावर यायचे. विहिरीजवळ कडुलिंबाखाली बाजेवर बसायचे, आबांशी बोलायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे, जायचे. मला वाटायचं पाहुणे आहेत. रोज येणारे पाहुणे. त्यांचा नातू माझ्याच बालवाडीत होता. त्याच्याकडे टिफिन होता, स्टीलचा, दोन मजली.

तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. उन्हाळा. बाईंनी सांगितलं की सुट्टी लागायच्या आधी आपण आपलं गाव काढू. ओट्याच्या कोपऱ्यात त्यांनी गेरू आणि चुन्यानं गाव काढलं. नदी, पूल, मंदिर, एसटीचा थांबा, मळ्याकडे जाणारा रस्ता. आणि सगळ्यांना सांगितलं की रिकाम्या काडेपेटीत आपल्या वावरातली माती आणा, आणि ती जिथं तुमचं वावर आहे तिथं ठेवा. गावात तेल-मिठाचं दुकान असलेल्यांची एक मुलगी होती, ती रडायला लागली की आमचं वावर नाही. बाई म्हणाल्या, "मग अंगणातली आण. ज्याची जी जमीन, त्याची ती माती." ती खूश झाली.

मी आबांची बिडी पेटवायची काडेपेटी रिकामी व्हायची वाट पाहिली. आबांनी शेवटची काडी मुद्दाम चुलीत टाकून मला पेटी दिली. मी माती कुठून घेतली माहितेय? वावराच्या बरोबर मधून. जिथं मी निवडलेलं पिलू होतं, त्याच्या बुडातून. ओली, काळी.

मंगळवारी आम्ही एकेक पेटी ठेवत गेलो. बाई विचारायच्या, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे? रस्त्याच्या कडेला की मागे?" आणि पेटी बरोबर जागेवर जायची. माझा नंबर आला. मी म्हटलं, पुलाच्या पलीकडे, मोठी विहीर आहे तिथं. ठेवली. माझ्यानंतर चार जण झाले आणि नानांचा नातू उठला. पुलाच्या पलीकडे, मोठी विहीर. त्यानं माझी पेटी बोटानं सरकवली आणि स्वतःची ठेवली.

मी त्याची सरकवली.

"हे आमचं वावर हाये," तो म्हणाला.

"आमचं हाये," मी म्हटलं.

"माह्या नानाचं हाये."

"तुह्ये नाना तं चहा प्यायला येतात," मी म्हटलं. "माह्या आबाच्या सगळ्या कपड्यावर त्या केळीचे डाग आहेत. तुह्या नानाच्या धोतरावर एक तरी डाग दाखव."

सगळी पोरं त्याच्याकडे बघायला लागली. कारण डागाचा मुद्दा बरोबर होता. सगळ्यांना माहीत होतं की नानांचं धोतर बगळ्यासारखं असतं. एक मुलगा हळूच म्हणाला, "हिचंच असंल." आणि मग नातवानं माझी वेणी ओढली, मी त्याला चावले, आणि बाई धावत आल्या, "काय व्हयनं? काय व्हयनं रे?"

बाई बाहेरगावच्या. कोण कोणाचं, त्यांना काय माहीत. त्यांनी दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या, माती चिमटीत घेऊन पाहिली, आणि म्हणाल्या, "अरे, ही तर एकच माती. मग तुम्ही दोघं भाऊबंद असाल, वावर दोघांचं असेल. शनिवारी आपण तिथंच जाऊ. दोघांच्या घरचे येतील, आणि आपण त्यांनाच विचारू." त्यांना इतका आनंद झाला होता. त्यांना वाटलं काय छान धडा सापडला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. फुशारकीनं सांगितलं, चावल्याचं पण. माय भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"काय म्हनली तू?"

मी परत सांगितलं. डागाचं पण सांगितलं.

"ऐकता का," माय बाहेर पाहून म्हणाली. आबा दारात पाय धूत होते. त्यांनी ऐकलं होतं. ते पाय धूतच राहिले. एकाच पायावर किती पाणी ओतलं.

तेव्हा मायनं मला पहिल्यांदा सांगितलं. आबा सालदार आहेत. म्हणजे आखाजी ते आखाजी वर्षभर नानांच्या वावरात राबायचं. आखाजीला साल संपतं. नानांनी परत ठेवलं तर ठेवलं, नाहीतर खोली सोडायची, गाव सोडायचं, दुसरा मालक शोधायचा. खोली पण नानांची. विहीर नानांची. आखाजीला पंधरा दिवस राहिले होते, आणि नाना अजून काही बोलले नव्हते.

"उद्या जायची अन् गपचूप ती पेटी उचलून आनायची," माय म्हणाली. "अन् म्हनायचं, माह्यं चुकलं."

"पण बाई म्हणतात खोटं बोलायचं नाही."

"हे खरं हाये, बाई माही. हेच खरं हाये."

मला ते कसं पटणार? आबांनी कधी तसं म्हटलं नव्हतं. ते उठून केळीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेले, सगळ्यांच्या आधी. वाकून पेटी उचलणार, तर मागून बाई. "नको, नको, राहू दे तिथंच. शनिवारी आपण सगळे मिळून बघणार आहोत ना?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी हात मागे घेतला. घरी गेले. मायनं विचारलं, "उचलली?" मी म्हटलं, "हो."

ते तीन दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. बालवाडीत गेलं की ती पेटी तिथं, आणि नातू रोज ती ढकलून नदीत टाकायचा, म्हणजे चुन्याच्या नदीत, आणि मला ती परत आणून ठेवावी लागायची, कारण पोरं बघत असायची. घरी आलं की मायचा चेहरा निवळलेला, तिला वाटत होतं मिटलं. तिनं मला गूळ-शेंगदाणे दिले. तिथं उचलू शकत नाही, इथं सांगू शकत नाही. मी देवाला म्हटलं, शनिवार येऊ देऊ नको. मग म्हटलं, नाहीतर मला ताप आण. ताप पण नाही आला. उलट त्या आठवड्यात मला इतकी भूक लागायची की मायला वाटलं मी उंच होतेय.

शनिवार आलाच. सकाळी आम्ही वीसेक पोरं, बाई, तीन-चार पोरांच्या आया, रांगेनं पुलावरून निघालो. मी माझ्याच घरी पाहुण्यासारखी चालले होते. बाईंच्या खांद्यावर कापडी पिशवी. लिंबाखाली नाना आधीच बाजेवर बसलेले, धोतर पांढरंफेक. आबा बाजूला उभे, टोपी हातात. माय खोलीच्या दाराआड.

बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आज तुम्ही आमचे गुरुजी. मुलांना केळी शिकवा."

नाना खूश झाले. घसा साफ केला. "केळी म्हणजे आपल्या खान्देशचं सोनं," असं सुरू केलं, आणि दोन-तीन वाक्यं बोलले, कुठल्या तरी सभेतल्यासारखी. मग एका मुलीनं विचारलं, "ते जांभळं काय लटकतं?" नाना म्हणाले, केळफूल. "मग त्या केळीचं कुठी गेलं?" नानांनी तिकडे पाहिलं. मग आबांकडे. "अरे, सांग यांना."

आणि आबा सांगायला लागले.

मी माझ्या वडिलांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आधी हळू, खाली बघून. घड पूर्ण निघाला की केळफूल कापायचं, नाहीतर ते झाडाचं बळ खातं. मग उकिडवे बसले आणि पिलं दाखवली. मुलं त्यांच्या भोवती घट्ट गोळा झाली, एकानं तर त्यांच्या खांद्यावर हात टाकला. आबांनी घडाच्या दांड्यातून गळणारा चीक बोटावर घेतला आणि म्हणाले, "हे पानी नही हां. लागू द्याल तं माय मारीन." सगळे हसले. बाईंनी हात वर करून विचारलं, "गुरुजी, एका झाडाला दोन घड का नाही येत?" आबा म्हणाले, "एकच लेकरू, बाई. ते वाढवलं का झाड संपलं. मंग पिलू."

बाई म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या वर्षी दर शनिवारी या. खरंच. इतकं छान कोणीच शिकवलं नाही."

आबांनी पटकन नानांकडे पाहिलं. नाना बाजेवर होते, आणि त्यांच्याकडे आता कोणीच पाहत नव्हतं. त्यांचा नातू पण नाही. तो आबांच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

मला वाटलं संपलं, वाचलो. तेवढ्यात बाईंनी पिशवीत हात घातला आणि दोन काडेपेट्या काढल्या.

मायनं दारातून पाहिलं. तिची नजर माझ्यावर आली. मी जमिनीकडे पाहिलं.

"आमच्यात एक गंमत झाली आहे," बाई म्हणाल्या. नातू मध्येच ओरडला, "सालदारबाबा, तुम्हीच सांगा. हे वावर कोनाचं?"

आबा उकिडवे बसले होते, ते उभे राहिले. हाताची माती झटकली.

"नानाचं," ते म्हणाले.

"आबा, खोटं बोलू राह्यले तुम्ही," मी म्हटलं.

मोठ्यानं नाही म्हटलं. पण वारा नव्हता त्या दिवशी, एक पान हलत नव्हतं.

नाना हसले. खूप वेळ हसले, मांडीवर हात मारून. "बरं झालं सांगितलं, पोरी. मी उगाच इतकी वर्षं शेतसारा भरला. उद्या तलाठ्याकडे जाऊ, सातबारा तुझ्या नावावर करून टाकू. मग मला चहा देशील ना इथं?"

आया हसल्या, पदर तोंडाला लावून. पोरं हसली कारण मोठे हसत होते. आणि आबा पण हसले. त्यांचं ते हसणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दात दिसत होते फक्त.

बाईंना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा एकदम पडला. त्या घाईघाईनं माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या, माझी पेटी माझ्या हातात दिली. "अगं, मग तू असं कर, घरापाशी ठेव ना. तुझं घर आहे ना इथं? अंगणातली माती."

"ती खोली पण आमचीच हाये," नातू म्हणाला. वाईटपणानं नाही म्हणाला. माहिती दिली.

"मग मी कुठं ठेवू?" मी बाईंना विचारलं.

बाई माझ्या फ्रॉकवरची माती झटकायला लागल्या. मी पेटी उघडली आणि माती तिथंच ओतली, विहिरीच्या काठाशी. पेटी विहिरीत टाकली. ती बुडाली पण नाही, तरंगत राहिली.

त्या दिवशी घरी मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आबा एवढंच म्हणाले, "उचलली म्हनली होती ना तू?" आणि उत्तराची वाट न पाहता पाणी वळवायला गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला केळीत नेणं बंद केलं. माय दाराला बाहेरून कडी घालून निंदायला जायची, कारण मी मागे यायची. झरोक्याला तोंड लावून मी हाका मारायची. दोघंही कुठल्या तरी सरीत असायचे, मला दिसायचे नाहीत, केळी तेवढी दिसायची. सकाळी झरोक्यातून आत आलेलं ऊन भिंतीवरून उतरत जमिनीवर यायचं, मग माय येऊन कडी काढायची. बालवाडी सुटली माझी. बाई एकदा खोलीवर आल्या होत्या, मायशी दारातच बोलल्या. "माझंच चुकलं, मला माहीत नव्हतं," असं म्हणत होत्या. माय म्हणाली, "तुमचं काय चुकनार, बाई." आणि त्यांना आत या म्हटलं नाही. बाई गेल्या.

नाना येत राहिले. चहा प्यायचे. सालाचं नाव नाही. दरवर्षी ते आठ दिवस आधी म्हणायचे, "मग काय, यंदा पण तूच ना?" यंदा आठ झाले, पाच झाले, तीन झाले. एकदा सोबत एक परका माणूस आणला. त्यानं विहीर पाहिली, मोटार पाहिली, आणि मग आमच्या खोलीत डोकावून वर पत्र्यांकडे पाहिलं, गळतात का म्हणून. माय चुलीपाशीच बसली होती. तो गेल्यावर तिनं भांडी पोत्यात भरायला सुरुवात केली. रोज लागणारी दोन ठेवली, बाकीची भरली.

आखाजीच्या सकाळी आबा माझ्याजवळ येऊन बसले. त्या दिवशी त्यांना काम नव्हतं. जुनं साल संपलेलं, नवं लागलेलं नाही, त्या एका दिवशी ते कोणाचेच नव्हते. तरी पहाटे उठून एक चक्कर मारून आलेच होते, पायाला चिखल होता.

"चाल," म्हणाले. "नानाकडे."

रस्त्यात सांगितलं काय म्हणायचं ते. वावर तुमचं आहे, माझं चुकलं.

मी म्हटलं, "पण मग खरं कोनाचं हाये?"

"त्याईचंच. कागद त्याईच्या नावावर हाये."

"मग खरंच सांगायले चाललो, तं तुम्ही इतके काहून भेता?"

आबा थांबले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी माझ्या फ्रॉकचं निघालेलं बटण लावलं आणि परत चालायला लागले.

नानांच्या ओसरीवर गर्दी होती. माहेरी आलेल्या लेकी, लिंबाला बांधलेला झोका, आतून पुरणाचा वास. नातू झोक्यावर उभा. मला पाहून त्यानं झोका थांबवला. आबा पायरीखाली उभे राहिले, मला पुढं केलं.

मी म्हटलं. "वावर तुमचं हाये. माह्यं चुकलं."

"कोणी शिकवलं असं म्हणायला?" नाना म्हणाले.

मागे आबांचा श्वास ऐकू आला.

"कोनी नही," मी म्हटलं.

नानांनी घरातून एक आंबा मागवला, पिवळाधमक, मोठा, आणि माझ्या हातात दिला. "खा. इथंच खा." आणि माझ्या डोक्यावरून आबांना म्हणाले, "उद्यापासून लाग. अन् पोरीला फार बालवाडी-फालवाडी नको. घरी राहू दे."

"व्हय, नाना," आबा म्हणाले.

मी आंबा खाल्ला. सगळ्यांसमोर, उभ्यानं, कोपरापर्यंत रस. आम्ही त्या वर्षी आंबा पाहिला पण नव्हता. तो इतका गोड होता की मला थांबताच आलं नाही, कोय पण चोखली. मी खात होते आणि आतून ओरडत होते की थुंकून टाक, आणि तोंड ऐकत नव्हतं.

परत येताना आबांनी विचारलं, "गोड होता का?"

"आंबट होता," मी म्हटलं.

मायनं पोत्यातली भांडी एकेक करून बाहेर काढली आणि फळीवर लावली.

आम्ही त्या खोलीत आणखी चार वर्षं राहिलो. मला पहिलीत टाकलं ते सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच. पण इथं येऊन मी अडकते नेहमी. कारण नाना काही राक्षस नव्हते. वावर त्यांचंच होतं. आबा बरोबर, माय बरोबर, बाई तर मनानं चांगल्याच. मी सोडून सगळ्यांनी खरंच सांगितलं होतं. तरी मला आजपर्यंत असंच वाटतं की त्या ओसरीवर मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले, आणि वरून आंबा खाल्ला.

मावसबहिणीला मी अजून काही म्हटलेलं नाही. ती कुंडीतली माती भरेल, तिची पोरगी नेईल, छान होईल. पण तुम्ही सांगा ना, तुमच्या बाबतीत असं झालंय का कधी? घर टिकावं म्हणून तुम्हाला लहानपणी असं काही म्हणायला लावलंय का, जे सगळ्यांच्या लेखी खरं होतं आणि फक्त तुमच्या लेखी खोटं?